कॅप्टनचा सत्कार

दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळात कित्येक वर्षं माझ्याकडे एकच खातं होतं, ते म्हणजे खुर्च्या. गणपती असो नाहीतर हळदीकुंकू, खुर्च्या मांडायच्या आणि कार्यक्रम संपला की एकावर एक रचून ठेवायच्या. गर्दी फार झाली तर बाहेर गाड्या लावून घ्यायच्या. स्टेजवरून माझं नाव एकदाच पुकारलं गेलं, तेही कुणाची तरी गाडी गेटसमोर आडवी लागली होती म्हणून. मंडळात तेल आणि गॅस कंपन्यांतले इंजिनियर पुष्कळ. मी हमद पोर्टवर एका लॉजिस्टिक्स कंपनीत कंटेनरची कागदपत्रं बघणारा. कुणी कधी अपमान केला नाही, पण कुणी माईकही हातात दिला नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी बायकोला सांगायचो आणि ती "बरं" म्हणायची.

हे आधी सांगतो, कारण पुढे मी जे केलं त्याला हे कारण आहे. समर्थन नाही, कारण.

कॅप्टन आमच्याच कंपनीत यार्डाचा सुपरवायझर होता. बंदरावर कॅप्टन म्हणवणारे ढीगभर असतात, पण हा कधी जहाजावर चढला नव्हता. हा माल्टा बेटावरचा. त्याच्या देशाच्या फुटबॉल संघात तो जवळपास वीस वर्षं खेळला होता आणि शेवटची काही वर्षं कर्णधार होता. ही माहिती त्याने स्वतः दिली नव्हती. त्याच्या गावचा एक खलाशी जहाजावरून उतरला, त्याला यार्डात बघून सरळ मिठी मारून रडायला लागला, तेव्हा आम्हाला कळलं. त्या दिवसापासून सगळे त्याला कॅप्टन म्हणायला लागले. तो माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा, बायको वारलेली, मुलगी तिकडे लग्न होऊन सुखात. मुऐदरला एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा.

त्याचा उजवा गुडघा खेळातच कामातून गेलेला. पोर्टपर्यंत तासभर पाय पेडलवर ठेवला की सुजायचा. "एक महिना मला सोबत नेशील का?" असं त्याने विचारलं आणि मी हो म्हणालो. मी अल सद्दला राहतो, पोर्ट दक्षिणेला आणि मुऐदर पार पश्चिमेला. म्हणजे रोज सकाळी आधी उलटं जायचं आणि मग कामाला. तो एक महिना तीन वर्षं चालला. पहिल्या आठवड्यात मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. नंतर सुट्टीच्या दिवशीही गाडी आपोआप मुऐदरकडे वळायला लागली.

मी सांगतोय ती गोष्ट फुटबॉल विश्वचषकाच्या आदल्या वर्षाची, तो इथेच कतारमध्ये होणार होता. कुठलाही कंटेनर उघडला तरी आत विश्वचषकच असायचा. स्टेडियमच्या खुर्च्या, लोखंडी कठडे, तंबूंचे खांब, झेंड्यांच्या काठ्या. मी कागदावर शिक्के मारायचो आणि कॅप्टन ते कंटेनर यार्डात कुठे लावायचे ते ठरवायचा. गाडीत मात्र तो त्याच्या सामन्यांबद्दल बोलायचा. मी क्रिकेटचा माणूस, फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं आणि ते त्याला आवडायचं.

त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना परदेशात होता. वय एकोणीस. ज्या खेळाडूचा फोटो त्याने खोलीत भिंतीवर लावला होता, त्यालाच अडवायचं काम त्याच्यावर आलं. "अडवलंस?" मी उत्साहाने विचारलं. "एकदा," तो म्हणाला. "बाकी चार वेळा तो गेला." आणि खो खो हसला.

संघातले बहुतेक जण नोकरी करणारे. गोलकीपर बेकरीत, एक बँकेत, एक शाळेत मास्तर, आणि हा बंदरावर कस्टम्सच्या ऑफिसात. दिवसभर काम, संध्याकाळी सराव. परदेशात सामना असला की बिनपगारी रजा टाकायची, मोठ्या देशात जायचं, तिथल्या झगमगाटात हरायचं आणि सोमवारी सकाळी टेबलावर हजर. सोमवारी बंदरावरचे लोक त्याला लांबूनच बोटं दाखवायचे, किती गोल खाल्ले तेवढी. हाही तेवढीच बोटं वर करून हजेरी द्यायचा. "एकदा दोन्ही हात लागले," तो म्हणाला. दर काही वर्षांनी विश्वचषकाची पात्रता फेरी यायची, हे सगळे जीव तोडून खेळायचे आणि गटात तळाला राहायचे. छोटं बेट, मूठभर माणसं. विश्वचषक त्यांच्यासाठी टीव्हीवर बघायचीच गोष्ट होती.

एकदा एका मोठ्या संघाशी त्यांनी बरोबरी साधली. त्या संध्याकाळी अख्ख्या बेटावर गाड्या हॉर्न वाजवत फिरल्या. त्याची आई कधी सामना बघायची नाही, देवापुढे मेणबत्ती लावून बसायची आणि घरी आला की फक्त "लागलं का कुठे?" विचारायची. त्या दिवशी तिने सगळ्या संघाला घरी बोलावून सशाचं कालवण घातलं. मी माळकरी घरातला. सशाचं नाव काढल्यावर मी खिडकीबाहेर बघत बसलो, पण हॉर्नची गोष्ट मला फार आवडली. ती मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो.

तो हे सगळं हळहळ न करता सांगायचा. मलाच त्याच्या वतीने वाईट वाटायचं. वाटेत मुऐदरच्या बेकरीसमोर गाडी थांबवून तो पाव घ्यायचा. त्याच्या भाषेत पावाला जवळजवळ तेच म्हणतात जे अरबीत म्हणतात, त्यामुळे बेकरीवाला त्याला आपलाच कुणी लांबचा भाऊबंद समजायचा. गरम पाव मोडून अर्धा मला द्यायचा आणि म्हणायचा, "यल्ला, चल, उशीर होतोय." उशीर त्याच्या पावामुळेच झालेला असायचा.

त्या हिवाळ्यात मंडळाने क्रीडा दिन करायचं ठरवलं. गावभर विश्वचषकाचं वारं, मग आपण मागे का राहायचं? कमिटीच्या बैठकीत प्रमुख पाहुणा कोण यावर काथ्याकूट चालला होता. मी चहाचे कप गोळा करत होतो. आणि कोण जाणे काय संचारलं, मी म्हणालो, "माझ्या ओळखीचा एक इंटरनॅशनल फुटबॉलर आहे."

सगळे माझ्याकडे वळले. सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "वर्ल्ड कप खेळलाय का?"

"वर्ल्ड कपच्या मॅचेस खेळलाय," मी म्हणालो.

तसं बघितलं तर हे खोटं नव्हतं. पात्रता फेरीचे सामने विश्वचषकाचेच असतात. पण पात्रता फेरी म्हणायला तोंड उघडलं होतं आणि ते मी मिटलं. कारण अध्यक्ष स्वतः उठून माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच बैठकीत खुर्च्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि मी पाहुण्यांचा समन्वयक झालो. गळ्यात घालायला बिल्ला मिळाला.

दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर पोस्टर आलं. कॅप्टनचा फोटो मीच पाठवला होता. खाली ठसठशीत अक्षरांत, "विश्वचषक गाजवलेले महान फुटबॉलपटू आपल्या भेटीला!"

मी ते दोनदा वाचलं. बायकोने फोन बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, हे काय?"

"होर्डिंगची भाषा आहे ती. असंच लिहितात."

"विश्वचषक कुठे गाजवलाय त्यांनी? तुम्हीच तर सांगता, एकदाही गेले नाहीत म्हणून."

"सांगतो उद्या सेक्रेटरींना."

उद्या मी सांगितलं नाही. परवाही नाही. मूग गिळून बसलो. मग बॅनर छापून झाला आणि आता उशीर झाला, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय सगळं मराठीत लिहिलेलं. कॅप्टनला कुठे वाचता येणार होतं? आपले लोक शाल-श्रीफळ देणार, चार शब्द चांगले बोलणार, त्याचा दिवस छान जाणार. कुणाचं काय बिघडलं?

कॅप्टन मात्र लहान मुलासारखा हरखला होता. कपडे कसले घालू, किती वेळ बोलायचं, लहान मुलं असतील का, रोज गाडीत हेच. संघाचा जुना ब्लेझर त्याने कपाटातून काढून लाँड्रीत दिला. एका सकाळी पाव मोडता मोडता म्हणाला, "माझ्या बेटाबाहेर मला फुटबॉलसाठी कुणी बोलावलं नाही कधी. समोरच्या संघाला बोलवायचे. आम्ही त्यांच्यासोबत यायचो." मी गिअर बदलला आणि सिग्नलकडे बघत राहिलो. तेव्हा सांगायला हवं होतं. त्या एका क्षणी सांगितलं असतं तर तो हसला असता.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी शाळेचा हॉल गच्च भरला. दारात बायकांनी कॅप्टनला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं. गुडघा सांभाळत तो स्टेजवर चढला. मागे तो बॅनर. निवेदकांनी मानपत्र वाचलं, त्यात 'जगज्जेता', 'हिरवळीचा सम्राट' वगैरे सगळं होतं. कॅप्टनला एक शब्द कळत नव्हता, तो प्रत्येक टाळीला मान झुकवत होता. अध्यक्षांनी शाल घातली. नारळ हातात आला तेव्हा त्याने तो सवयीने दोन्ही तळव्यांत फिरवून वजन बघितलं, गोलकीपर चेंडू बघतो तसं, आणि हॉलमध्ये हशा पिकला. मी पहिल्या रांगेत बिल्ला घालून बसलो होतो. खरं सांगतो, त्या मिनिटाला मला जराही अपराधी वाटत नव्हतं. मी खुश होतो.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी उठली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "अंकल, तुम्ही कुठला वर्ल्ड कप खेळलात?"

"एकही नाही, बेटा," कॅप्टन हसून म्हणाला.

निवेदक मोठ्याने हसले. "बघा, किती विनम्र आहेत!" मग त्यांनी मागच्या बॅनरकडे हात केला आणि तिथलं वाक्य त्याला इंग्रजीत करून सांगितलं.

कॅप्टनने वळून बॅनर बघितला. अक्षरं त्याला लागत नव्हती, तरी तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पहिल्या रांगेत माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी तो सहन केला असता. त्याचा चेहरा नुसता विझला होता.

तो माईकजवळ आला. "काहीतरी चूक झाली आहे," तो म्हणाला. "माझा देश कधी विश्वचषकात खेळला नाही. मी पात्रता फेरीत खेळलो आणि आम्ही हरलो. तुम्ही ज्याला बोलावलंत तो मी नाही." मग त्याने खांद्यावरची शाल काढली, नीट चौकोनी घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "ही योग्य माणसाला द्या, प्लीज."

लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. काहींनी वाजवल्या, मध्येच थांबवल्या. अध्यक्षांनी घाईघाईने साबुदाणावडा तयार आहे असं जाहीर केलं.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, त्याला घरी नेणारा मीच होतो. मी बाहेर गेलो तेव्हा तो माझ्या गाडीपाशी उभा होता. नारळ त्याच्या हातातच होता, तोही सत्काराचाच भाग असतो हे त्याला माहीत नव्हतं. मुऐदरपर्यंत तो नारळ मांडीवर धरून बसला. मी दोनदा "कॅप्टन" म्हणालो, दोन्ही वेळा नुसता एसी कमी-जास्त केला. उतरताना तो म्हणाला, "रविवारपासून मी कंपनीच्या बसने येईन. खलास." दार आपटलं नाही, हळूच लावलं.

तो बसने यायला लागला. यार्डात समोर आला की कागद घ्यायचा, सही करायचा, अरबीत 'शुक्रन' म्हणून आभार मानायचा. मला आधी राग आला. एवढं काय आकाश कोसळलं? चांगलंच तर म्हटलं होतं ना त्याला? कुणी शिव्या तर दिल्या नव्हत्या! बायकोपुढे हे सगळं बोलून झालं, तिने कुकरची शिट्टी होऊ दिली आणि म्हणाली, "तुमच्या ऑफिसात तुमची ओळख कुणी मॅनेजर म्हणून करून दिली, तर कसं वाटेल तुम्हाला?" त्यावर मला जेवण गेलं नाही.

मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की पाहुण्यांनी कुणाला फसवलं नाही, अर्धवट माहिती मी दिली, चूक माझी आहे. खाली हात जोडलेले दोन-तीन इमोजी आले. सेक्रेटरींनी मला बोलावून शाल परत दिली. "तुमच्याकडेच ठेवा आता," ते म्हणाले. बिल्ला त्यांनी मागितला नाही, मीच दिला.

सकाळी पोर्टला जाताना मी एकटा असायचो. आता थेट जायचं, वेळ वाचत होता. पण शेजारची सीट रिकामी बघवत नव्हती. मला त्याची आठवण यायची, साधीसुधी, रडू येईल अशी. पन्नाशीनंतर माणसाला नवा मित्र मिळत नसतो, आणि मला मिळालेला मी एका बिल्ल्यासाठी घालवला होता.

तिसऱ्या शुक्रवारी बायको म्हणाली, "चला, उठा. मीही येते." आम्ही न कळवता मुऐदरला गेलो. कॅप्टनने दार उघडलं, तिला बघून आत या म्हणाला. स्वयंपाकघरातच छोटं टेबल होतं, तिथे बसवलं आणि चहा ठेवला. मी पाठ करून आणलेलं सगळं बोललो, मंडळ, खुर्च्या, अध्यक्षांची थाप. काही लपवलं नाही. शेवटी म्हणालो, "मला माफ कर."

त्याने कप आमच्यापुढे सरकवले. "तुला माझी लाज वाटली," तो म्हणाला.

"नाही रे! मी तर..."

"वाटली. जे मी होतो ते तुझ्या लोकांना दाखवायला तुला कमी वाटलं. माझ्या बंदरावरचे लोक मला बोटं दाखवायचे, पण तेवढीच दाखवायचे जेवढे गोल होते. तू तीन वर्षं सगळं ऐकलंस. मला वाटलं, तुला ते आवडतंय."

मी होकारार्थी मान हलवली. कारण ते खरं होतं, आणि मला ते खरंच आवडायचं हेही खरं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही. बायकोने पिशवीतून शाल काढून टेबलावर ठेवली.

कॅप्टन त्या शालीकडे बघत राहिला. मग विचारलं, "तो माणूस कागदावरून काय वाचत होता?"

"मानपत्र. ज्याचा सत्कार असतो त्याच्याबद्दल लिहितात."

"त्यात मी होतो?"

"नव्हतास."

त्याने खुर्ची मागे सारली, टेबलाचा आधार घेत उभा राहिला आणि ब्लेझर नव्हता म्हणून शर्टाची वरची गुंडी लावली. "मग आता वाच."

माझ्याकडे कागद नव्हता. मी शाल उचलली आणि उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी बोलायला उभं केलं होतं. "हा एका छोट्या बेटावरचा फुटबॉलपटू," मी म्हणालो. "एकोणिसाव्या वर्षापासून देशासाठी खेळला. दिवसा बंदरावर काम केलं आणि संध्याकाळी सराव. गुडघा गेला तरी खेळला. मोठमोठ्या खेळाडूंना अडवायला उभा राहिला. बरेच सामने हरला."

"थांब," कॅप्टन म्हणाला. "बरेच नाही. जवळजवळ सगळे."

समोर उभ्या असलेल्या माणसाला, हातात त्याची शाल धरून, हे कसं म्हणायचं? तो वाट बघत होता. मागून बायको हळूच म्हणाली, "म्हणा ना."

"जवळजवळ सगळे सामने हरला," मी म्हणालो, "आणि पुढच्या सामन्याला बोलावलं की पुन्हा गेला."

कॅप्टनने मान हलवली. मग माझे हात पोचावेत म्हणून तो थोडा वाकला आणि मी त्याच्या खांद्यांवर शाल घातली.